काम शिल्लक, कामगार मात्र जादा

१९५४ च्या जानेवारीत बार्शी लाइट रेल्वे सरकारने ताब्यात घेतली, तेव्हा जुन्या कंपनीने आपल्या सर्व कामगारांना सेवामुक्त केले. त्यांना कपातीची भरपाई द्यावी की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. चालू धंद्यात जादा ठरलेल्या कामगारास कमी करणे म्हणजे कपात, धंदाच मालकाच्या हातून गेला तर ती कपात नव्हे, असा निर्णय न्यायालयाने १९५६ मध्ये दिला. कामगार हरले, आणि पुढच्याच वर्षी संसदेला कायदा दुरुस्त करावा लागला. १९९० मध्ये न्यायालयाने कपातीची व्याख्या बरीच व्यापक केली, हे खरे. तरीही त्या जुन्या निकालातील ‘जादा’ हा शब्द आज मुद्दाम आठवावा असा आहे.

सफाई, कॅन्टीन, पहारा, मालाची चढउतार ही कामे कंत्राटदाराकडे सोपवून त्या खात्यांतील कायम कामगारांना घरी पाठविले जाते, तेव्हा जादा नेमके काय ठरलेले असते? झाडावयाचे आवार तेवढेच असते, जेवणाऱ्यांची पंगतही तेवढीच असते. काम एक दिवसही थांबत नाही. जादा ठरतो तो कामगाराचा पगार, त्याची ग्रॅच्युइटी आणि त्याने वर्षानुवर्षे मिळविलेली ज्येष्ठता.

खर्च कमी केल्याखेरीज उद्योग टिकणार नाही, असे यावर व्यवस्थापनाचे उत्तर असते. येथे दोन गोष्टींची गल्लत होते. कंत्राटदार नवे यंत्र वा विशेष कौशल्य आणून तेच काम कमी श्रमात करीत असेल, तर उत्पादकता वाढली असे म्हणता येईल आणि त्या लाभाच्या वाटणीची चर्चाही करता येईल. परंतु तोच झाडू, तेच आठ तास आणि पुष्कळदा तोच माणूस कंत्राटदाराच्या हजेरीपटावर कमी मजुरीने परत येत असेल, तर देशाच्या उत्पादनात एका पैचीही भर पडलेली नसते. मजुरीचा हिस्सा नफ्यात आणि कंत्राटदाराच्या दलालीत गेलेला असतो, एवढेच. यालाच कार्यक्षमता म्हणण्याची प्रथा अलीकडे फार बोकाळली आहे!

१९४७ च्या औद्योगिक कलह कायद्याने कपातीवर घातलेली बंधने या प्रसंगी निष्प्रभ ठरतात. शेवटी आलेल्याने प्रथम जावे, हा नियम त्यांपैकी एक. पण संपूर्ण खातेच बंद झाल्यावर आधीचा कोण आणि नंतरचा कोण? पुन्हा माणसे घेताना कपात झालेल्यांना अग्रक्रम द्यावा, हा दुसरा. पण माणसे आता मालक घेत नाही, कंत्राटदार घेतो. उरते ती भरपाई : सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन. वीस वर्षे राबलेल्या माणसाच्या हाती तीनशे दिवसांचे, म्हणजे दहा महिन्यांचे वेतन पडते. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने त्यात पुनर्प्रशिक्षणासाठी आणखी पंधरा दिवसांच्या वेतनाची भर घातली. मात्र कपातीपूर्वी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन शंभराऐवजी तीनशे कामगारांच्या कारखान्यांपुरते ठेवले. खाती बाहेर देत गेले की मालकाच्या पटावरील संख्या आपोआप घटते, हे येथे ध्यानी घेतले पाहिजे.

यावरचा उपाय कायद्याला अगदीच अपरिचित नाही. बार्शीच्या निकालानंतर दुरुस्त झालेल्या कायद्यानुसार, संपूर्ण कारखाना दुसऱ्याच्या हाती गेला तर एक तर कामगारांची सेवा अखंड मानून पूर्वीइतक्याच चांगल्या अटींवर ती चालू राहिली पाहिजे, नाही तर भरपाई दिली पाहिजे. संपूर्ण कारखान्याच्या बाबतीत सेवेचे सातत्य ही कल्पना मान्य होते, तर एका खात्याच्या बाबतीत ती अमान्य का व्हावी? काम संपले आहे हे मालकाने आधी सिद्ध करावे. काम चालू राहणार असेल, तर त्याच माणसांना, त्याच वेतनावर, सेवेत खंड न पाडता घेण्याची अट कंत्राटातच घातली जावी.

मात्र ही मागणी करणार कोण? स्टँडर्ड व्हॅक्यूम कंपनीच्या मुंबईतील तेलशुद्धीकरण कारखान्यात कंत्राटी सफाई कामगारांचा प्रश्न तेथील कायम कामगारांनी आपला म्हणून लढविला आणि १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकला. काम बारमाही आहे काय, कारखान्यास आवश्यक आहे काय, या त्या निकालातील कसोट्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात उतरल्या. पुढे मात्र अनेक युनियनांनी वेतनवाढीच्या करारांवर सह्या करताना एकेक खाते बाहेर जाऊ दिले. आज त्याच युनियनांचे सभासद आपल्या खात्याची पाळी केव्हा येते, याची वाट पाहत आहेत.