शिकवणी नेमकी कुणाला?

निर्वासित स्त्रियांविषयी बोलताना ‘जागृती’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. छावणीत मानवी हक्कांचा वर्ग भरवावा, भिंतीवर चित्रफलक लावावेत, जोडीला चार शिवणयंत्रे द्यावीत, की कर्तव्य संपले, अशी एक सोयीस्कर समजूत रूढ आहे. या स्त्रीला आपले हक्क ठाऊक नाहीत, हे तिच्या मुळाशी असलेले गृहीतक. माझा आक्षेप त्यालाच आहे.

ऑगस्ट २०१७ पासूनच्या काही महिन्यांत सात लाखांहून अधिक रोहिंग्या म्यानमारमधून बांगलादेशात आले. तेथील छावण्यांतल्या स्त्रियांनी ‘शांती मोहिला’ ही संघटना उभारली. २०१८ साली चारशे रोहिंग्या स्त्रिया व मुलींच्या वतीने हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयापुढे निवेदन सादर झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात न्यायालयाने निर्णय दिला, की म्यानमार सदस्य नसला तरी हद्दपारीच्या गुन्ह्याचा एक भाग सदस्य असलेल्या बांगलादेशाच्या भूमीवर घडला आहे, म्हणून आपला अधिकार चालतो. ज्यांनी न्यायालयापर्यंत आपले म्हणणे पोहोचवले, त्यांना ‘अन्याय म्हणजे काय’ हे फलकावरून शिकवायचे?

न विचारता उपकार करण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. फाळणीत पळवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी भारताने १९४९ मध्ये कायदा केला. त्यात मुलग्यांसाठी सोळा वर्षांची वयोमर्यादा होती. स्त्रीला मात्र वयाची अटच नव्हती. म्हणजे चाळिशीची बाईही कायद्याच्या लेखी अजाणच! तिने कोठे राहावे, याचा वाद न्यायाधिकरणाने मिटवायचा. तिची संमती कायद्याने आवश्यक मानली नव्हती. मृदुला साराभाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांची तळमळ मी नाकारीत नाही. पण सद्हेतू आणि हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या इतिहासाने पुरेसे शिकवले आहे.

कुणी म्हणेल, छावणीतील बालविवाह, नवऱ्याची मारहाण यांबद्दल माहिती द्यायची नाही काय? अवश्य द्यावी. परंतु माहितीच्या पलीकडे दार हवे. शिधापत्रिका नवऱ्याच्या नावावर असेल, तर मार खाणाऱ्या स्त्रीला ‘तक्रार कर’ असे सांगणे म्हणजे ‘उपाशी राहा’ असे सांगणे होय. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाने २००१ मध्ये पाच वचने दिली. त्यांत स्त्रीची स्वतंत्र नोंदणी, धान्यवाटपात तिचा थेट सहभाग आणि व्यवस्थापन समित्यांत निम्मे प्रतिनिधित्व यांचा समावेश होता. स्वतःच्या नावाचे कार्ड हाती पडणे, हा मानवी हक्कांचा पहिला धडा; तो पुस्तकाविना समजतो.

आणि आपण? भारताने १९५१ चा निर्वासितविषयक करार स्वीकारलेला नाही, निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही केलेला नाही. आश्रयाला आलेल्या स्त्रीने कोणत्या कलमावर बोट ठेवायचे, याचे उत्तर नसताना तिला कलमे पाठ करायला लावणे ही क्रूर थट्टा आहे.

वर्ग जरूर भरवावा. मात्र त्यात आधी नोंदणी करणारा कारकून, शिधा वाटणारा मुकादम, चौकीतला हवालदार आणि कायदे करणारे आपले प्रतिनिधी यांना बसवावे. त्या स्त्रीला बोलू द्यावे, आणि यांनी लिहून घ्यावे.