खारी झुडपे, सोमल आणि आपली खारफुटीची रानं



वाळवंटातल्या खारवट जमिनीत वाढणारी काही झुडपे सोमलाने, म्हणजे आर्सेनिकने, नासलेल्या मातीतही तग धरतात. ही माहिती आता गावोगाव पोहोचली आहे. शेतकी विभागात विचारणा होते, "साहेब, मग आमच्या पांढऱ्या पडलेल्या रानात तीच झुडपे का लावू नयेत? जमीन आपोआप सुधारेल." प्रश्न रास्त आहे. पण झुडूप जगले म्हणजे जमीन सुधारली असे नव्हे, हे माझे स्पष्ट मत आहे.

हे झुडूप करते काय ते आधी बघा. ॲट्रिप्लेक्स ही त्यातली नावाजलेली जात. चिलीच्या अटाकामा वाळवंटापासून भूमध्य समुद्राच्या काठापर्यंत तिचे भाऊबंद सापडतात. पानावर बारीक फुग्यांसारख्या पेशी असतात. जास्तीचे मीठ त्यात भरले जाते, म्हणून पान चंदेरी दिसते. सोमलाची गोष्ट निराळी. सोमल हा स्फुरदाचा तोतया आहे. मुळाला तो स्फुरदच वाटतो आणि स्फुरदाच्याच दारातून तो आत शिरतो. झुडूप मग गंधकयुक्त पदार्थांनी त्याची मोट बांधते, पेशीतल्या पोकळीत कोंडते आणि बराचसा मुळातच अडवून धरते. पाल्यात थोडाच चढतो.

झुडपाच्या दृष्टीने ही शहाणपणाची गोष्ट झाली. शेतकऱ्याच्या दृष्टीने नाही. मुळात कोंडलेला सोमल मातीतच राहिला ना! पाला कापून बाहेर टाकला तरी हाती काय येणार? सोमल पाल्यात ओढून घेणारी वनस्पतीही आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडात २००१ साली एका नेच्याचा हा गुण उजेडात आला. पण त्यानेही जमीन साफ व्हायला वर्षानुवर्षे लागतात.

उसाच्याच धंद्यातला दाखला देतो. हवाई बेटांवर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उसातले तण मारायला सोडियम आर्सेनाइट फवारीत असत. फवारणी थांबून कित्येक दशके लोटली. तिथला शेवटचा साखर कारखानाही २०१६ मध्ये बंद पडला. ऊस गेला, पण त्या जुन्या मळ्यांच्या मातीत सोमल अजून आहे. सोमल कुजत नाही की जळून जात नाही.

आपल्या गंगापूरच्या काळ्या खडकाच्या मुलखात सोमलाची तशी तक्रार नाही, हे आपले नशीब. आपला रोग मिठाचा आहे आणि तो बहुतांशी पाण्यातून येतो. १९७६ मध्ये जायकवाडीचे धरण झाले, कायगावकडच्या पट्ट्यात फुगवट्याचे पाणी आले, मोटारी बसल्या, ऊस उभा राहिला. चांगलेच झाले. पण हिशेब कोणी केला? लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार असलेले पाणी, म्हणजे काही फार वाईट नव्हे, वर्षभरात दोन मीटर उंचीइतके उसाला दिले तर एकरी चार टन क्षार रानात पडतात. आता झुडपाचा वाळलेला पाला एकरी दोन टन निघाला आणि त्यात पाचवा हिस्सा मीठ धरले, तर बाहेर गेले चार क्विंटल. चार टन आत, चार क्विंटल बाहेर! आणि ऊस तर नाजूक. माती-अर्काचा ईसी १.७ च्या पुढे सरकला की उतारा घटायला लागतो.

उपळट रानात तर दुहेरी तोटा. पाणी साचले की क्षार वर येतात. जिथे मातीत सोमल आहे तिथे साचलेल्या पाण्यात लोह विरघळते आणि त्याला चिकटलेला सोमलही सुटतो. म्हणजे रोग कोणताही असो, पहिला इलाज निचराच. चोपण रानाला जिप्सम लागतेच, पण निचऱ्याशिवाय जिप्सम टाकणे म्हणजे पैसे मातीत घालणे. मोकाट पाणी सोडून ठिबक करणेही त्यातच आले. शिरोळच्या श्री दत्त कारखान्याच्या सभासदांनी जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकून क्षारपड रानं पुन्हा उसाखाली आणली आहेत. ते काम एकट्यादुकट्याचे नव्हते.

झुडपांना माझा विरोध नाही. अगदीच पडीक झालेल्या तुकड्यात शेळ्यांना थोडा पाला म्हणून खुशाल लावा, बरोबर दुसरी वैरण द्या म्हणजे झाले. पण कारखान्याने रोपवाटपावर पैसा घालवावा, याला माझी संमती नाही. तोच पैसा गटवार निचऱ्याच्या मुख्य नळीला लागावा. अडचण पैशाची कमी आणि बांधाची जास्त आहे. वरच्या शेताचे खारे पाणी नाल्यापर्यंत न्यायचे तर नळी खालच्याच्या रानातून जाणार, आणि तिथेच भाऊबंदकी आडवी येते. तेव्हा आपल्या बांधातून नळी जाऊ द्यायला जे सभासद तयार आहेत, त्यांनी आडसाली लागणीच्या आधी गट नंबरसह नावे चिटबॉयकडे द्यावीत, आणि एक फूट व दोन फूट खोलीचे मातीचे नमुने वेगवेगळ्या पिशवीत सोबत आणावेत.

— ऊस विकास अधिकारी