हद्दपारीची घोषणा आणि हद्दपारीचा हिशेब

देशात बेकायदा राहणाऱ्या परकीयांना वेचून वेचून बाहेर काढू, ही घोषणा निवडणुकीच्या हंगामात हमखास ऐकू येते. किती जणांना काढणार, हा प्रश्न मात्र कोणी विचारू नये अशी वक्त्याची अपेक्षा असते. विचारलाच, तर उत्तर प्रत्येक वेळी वेगळे मिळते. मे १९९७ मध्ये तत्कालीन गृहमंत्री इंद्रजित गुप्त यांनी संसदेत अशा परकीयांची संख्या एक कोटी सांगितली. जुलै २००४ मध्ये गृहराज्यमंत्री श्रीप्रकाश जयस्वाल यांनी एकट्या बांगलादेशींचा आकडा १ कोटी २० लाख ५३ हजार ९५० असा अगदी सुट्ट्या माणसापर्यंत मोजून दिला, आणि थोड्याच दिवसांत तो ऐकीव माहितीवर आधारलेला असल्याचे सांगून मागे घेतला. नोव्हेंबर २०१६ मध्ये किरेन रिजिजू यांनी तो दोन कोटींवर नेला. ज्या सरकारांना आपल्या देशातील बेकार मजुरांची विश्वसनीय मोजदाद करता आली नाही, त्यांना लपून राहणाऱ्या परकीयांची संख्या इतक्या आत्मविश्वासाने कशी कळते, हा एक स्वतंत्र चिंतनाचा विषय आहे.

पण हा दोन कोटींचा आकडा क्षणभर खरा मानला, तरी पुढचे गणित कोणत्याही शाळकरी मुलाला करता येईल. दररोज न चुकता, सणवार आणि सुट्टी न घेता, एक हजार माणसे सीमेपार केली तर या कामास वीस हजार दिवस लागतील. म्हणजे जवळजवळ पंचावन्न वर्षे. प्रत्यक्षात काय घडले? सरकारने संसदेस दिलेल्या माहितीनुसार २०१३ मध्ये ५,२३४ बांगलादेशींना परत पाठवण्यात आले. २०१४ मध्ये ही संख्या ९८९ वर आली, आणि पुढे उतरत उतरत २०१७ मध्ये ५१ वर पोहोचली. म्हणजे घोषणा जसजशी मोठी होत गेली, तसतशी हद्दपारी लहान होत गेली. यात केवळ नोकरशाहीचा आळस पाहणे चूक ठरेल. अडचण मुळात या कामाच्या स्वरूपातच आहे.

माणसाला कायदेशीर रीतीने देशाबाहेर घालवायचे तर तीन गोष्टी व्हाव्या लागतात. तो परकीय असल्याचे ओळखावे लागते, ते न्यायाने ठरावे लागते, आणि तो ज्या देशाचा आहे त्या देशाने त्याला आपला म्हणून स्वीकारावे लागते. यांतील तिसरी गोष्ट सर्वांत अवघड, आणि भाषणांत तिचाच उल्लेख कधी येत नाही. ढाक्याचे सरकार नाव, गाव, पत्ता तपासल्याशिवाय कोणालाही घेत नाही, आणि ज्याच्यापाशी नाव-गावाचा कागद आहे असा माणूस सहसा सापडत नाही. आसामातील मातिया येथे खास परकीयांसाठी बांधलेल्या निवारा केंद्रात ६३ जण अडकून पडले होते. त्यांचे परदेशातील पत्ते ठाऊक नसल्याने पुढची कार्यवाही झाली नाही, असे राज्य सरकारने सर्वोच्च न्यायालयास सांगितले. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने त्यावर, मुहूर्ताची वाट पाहता काय, असे फटकारले. ६३ माणसांची ही गत असेल तर लाखांची काय होईल?

आसामचा अनुभव जरा सविस्तर पाहिला पाहिजे, कारण या विषयावर देशात जे जे करून पाहणे शक्य होते ते ते आसामात करून झाले आहे. १९६० च्या दशकात तेथून पावणेदोन लाखांच्या आसपास लोक पोलिसी मोहिमेने काढण्यात आले किंवा भीतीने निघून गेले. त्यांत भारतीय नागरिक भरडले गेल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की १९६४ मध्ये परकीय न्यायाधिकरणे नेमावी लागली. पुढे १९८३ चा कायदा आला. त्याखाली तीन लाखांहून अधिक चौकश्या झाल्या, १०,०१५ जण बेकायदा ठरले आणि एप्रिल २००० पर्यंत १,४८१ जण प्रत्यक्ष बाहेर काढले गेले. कायदाच ढिला आहे, सिद्धतेचे ओझे तो सरकारवर टाकतो, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये तो रद्द केला. त्यानंतर आपण भारतीय आहोत हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीच्याच शिरावर आली. २०२५ च्या नव्या परकीय नागरिक कायद्यातही ती तशीच आहे. चोराला चोर ठरवण्याचा भार फिर्यादीवर असतो. येथे मात्र ब्रह्मपुत्रेच्या पुरात ज्याचे घर आणि कागद दोन्ही वाहून गेले त्या शेतमजुरानेच पुरावा द्यावयाचा! १९८५ ते फेब्रुवारी २०१९ या काळात ६३,९५९ लोक न्यायाधिकरणांत गैरहजर असताना एकतर्फी निकालाने परकीय ठरले. मजुरीसाठी परगावी गेलेल्याला नोटीस मिळते तरी कशी, याची कल्पना कोणत्याही कार्यकर्त्यास असेल.

शेवटी नागरिक नोंदणीचा महायज्ञ झाला. पन्नास हजारांवर कर्मचारी, बाराशे कोटींहून अधिक खर्च, आणि ३ कोटी ३० लाख अर्जदारांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या कागदांची छाननी. जुलै २०१८ च्या मसुद्यात चाळीस लाख लोक वगळले गेले. माजी राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांच्या पुतण्याच्या कुटुंबासही त्यात जागा नव्हती. ३१ ऑगस्ट २०१९ च्या अंतिम यादीतून १९,०६,६५७ जण बाहेर राहिले. त्यांत बंगाली हिंदूंची संख्या मोठी असल्याचे ध्यानात येताच, ज्यांनी या नोंदणीचा सर्वाधिक गजर केला होता त्यांनाच ती सदोष वाटू लागली. ती यादी अद्याप अधिसूचित झालेली नाही. वगळलेल्यांना नकाराचे पत्र नाही, त्यामुळे अपील नाही; बांगलादेश त्यांना घेत नाही, भारत त्यांना मानत नाही.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घ्यावयास हवा. आसामी माणसाची भीती खोटी होती काय? ती खोटी नव्हती. जमीन, भाषा आणि मतपेटी हातची जाईल ही धास्ती केवळ जातीय म्हणून झटकून टाकणे हा दिल्लीकर विद्वानांचा उर्मटपणा होता. १९७९ मध्ये मंगलदोई मतदारसंघाच्या यादीतील हजारो नावांवर हरकती आल्या, तेव्हा आसामचे मुख्यमंत्री होते गोलाप बरबोरा, समाजवादी चळवळीतून आलेले गृहस्थ. त्यानंतरच्या सहा वर्षांच्या आंदोलनात सामान्य विद्यार्थी आणि शेतकरी उतरले होते. पण त्याच आंदोलनाच्या काळात १८ फेब्रुवारी १९८३ रोजी नेली येथे सुमारे दोन हजार माणसे, बहुतांश स्त्रिया आणि मुले, कापली गेली, हेही तितकेच खरे. आसाम कराराने २४ मार्च १९७१ ही सीमारेषा मान्य केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये तिला पुष्टी दिली. करारातील घटनात्मक संरक्षणाचे आणि विकासाचे कलम मात्र चाळीस वर्षे तसेच कुजत पडले आहे. भूमिपुत्राला जमिनीचे आणि भाषेचे संरक्षण देणे सरकारच्या हाती होते; ते केले नाही. जे हाती नव्हते त्याचे आश्वासन मात्र दर निवडणुकीत दिले.

कायदेशीर मार्ग साधत नाही म्हटल्यावर आडमार्ग निघतो. सप्टेंबर १९९२ मध्ये नरसिंह राव सरकारने दिल्लीतील झोपडवस्तीतून लोक उचलून, त्यांची डोकी भादरून, त्यांचे सामान जाळून त्यांना सीमेकडे धाडले. गहजब झाला तेव्हा मोहीम गुंडाळली गेली. २००३ च्या जानेवारीच्या कडाक्यात कूचबिहार सीमेवर २१३ भटके गारुडी, बायकामुलांसह, दोन्ही देशांच्या बंदुकांच्या मधल्या पट्ट्यात कित्येक दिवस उघड्यावर पडले होते. मे २०२५ पासून पुन्हा रात्रीच्या अंधारात माणसे सीमेपार ढकलण्याचे सत्र सुरू झाले. त्यात दिल्लीत पकडलेली एक गर्भवती मजूर स्त्री होती. उच्च न्यायालयाने तिची हद्दपारी रद्दबातल ठरवल्यानंतरही तिला मायदेशी परतण्यास डिसेंबर उजाडला. ज्या फेब्रुवारीत अमेरिकेने १०४ भारतीयांना हातात बेड्या घालून लष्करी विमानाने अमृतसरला आणून सोडले आणि सारा देश संतापला, त्याच वर्षाची ही गोष्ट आहे. त्या विमानात महाराष्ट्रातीलही तिघे होते.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. जुलै १९९८ मध्ये युती सरकारच्या काळात मुंबई पोलिसांनी जरीकाम करणाऱ्या कारागिरांना बांगलादेशी म्हणून पकडून हावड्याच्या गाडीत बसवले. उलुबेडिया स्थानकावर फॉरवर्ड ब्लॉकच्या आमदाराच्या पुढाकाराने जमावाने गाडी अडवली आणि त्यांना सोडवून घेतले. त्यांत आमचे रहिवासी आहेत, अशी ज्योती बसू यांच्या सरकारची तक्रार होती. सत्तावीस वर्षांनी तेच घडले. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात पकडून सीमेपलीकडे लोटलेले काही मजूर मुर्शिदाबाद आणि बर्धमानचे निघाले व त्यांना परत आणावे लागले. बंगाली बोलतो, लुंगी नेसतो आणि नावाने मुसलमान आहे, एवढा पुरावा पोलिसांना पुरत असेल तर चूक होणे हा अपवाद राहत नाही. शिवाय कागदांचा हा चटका बंगाल्यापुरता थांबेल असे समजणे भाबडेपणाचे आहे. जानेवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने उशिरा केलेल्या जन्मनोंदीचे दाखले देणे स्थगित केले. ज्याचा जन्म पालावर झाला तो पारधी आणि जिचे बाळंतपण उसाच्या फडात झाले ती तोडणी कामगार, यांनी वेळेवर नोंद कोठे करावयाची होती?

मग जे घडूच शकत नाही त्याची घोषणा इतकी टिकते कशी? हद्दपारी अव्यवहार्य असली तरी हद्दपारीचे भय फार व्यवहार्य आहे. ज्या मजुराला उद्या पोलीस उचलतील अशी धास्ती असते तो मजुरी थकली तरी तक्रार करीत नाही, परातीवरून घसरून हाड मोडले तरी नुकसानभरपाई मागत नाही, आणि युनियनच्या सभेकडे फिरकत नाही. त्याच्याशेजारी काम करणाऱ्या मराठवाड्यातील मजुराचा दर त्याच्यामुळे पडतो, आणि मग त्या मजुराला सांगितले जाते की तुझा शत्रू हा बंगाली आहे. मुंबई-ठाण्याच्या बांधकामांवर हे दृश्य रोजचे आहे. धाडी पडतात त्या कामगारांच्या खोल्यांवर. त्यांना आणणाऱ्या मुकादमाच्या आणि नेमणाऱ्या बिल्डरच्या कचेरीवर धाड पडल्याचे क्वचितच ऐकिवात येते.

या संदर्भात १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याची आठवण कार्यकर्त्यांनी अवश्य ठेवावी. परराज्यातून आणलेल्या प्रत्येक कामगाराला ठेकेदाराने छायाचित्र लावलेले पासबुक द्यावे, त्यात कामाचे ठिकाण, मुदत आणि मजुरीचा दर लिहावा, असे बंधन त्यात होते. हा कायदा आता नव्या श्रमसंहितेत विलीन झाला आहे. पण चार दशके तो अस्तित्वात असताना किती ठेकेदारांनी अशी पासबुके दिली आणि न दिल्याबद्दल किती जणांवर खटले भरले गेले, हा प्रश्न प्रत्येक जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात लेखी विचारण्याजोगा आहे. मुर्शिदाबादच्या त्या मजुरांच्या खिशात असे पासबुक असते, तर त्यांना रात्री सीमेवर नेणाऱ्या हवालदाराला ते निदान उघडून पाहावे लागले असते.