विलीनीकरणाचे गणित

एकट्याने पक्ष सोडला तर तो फुटीर. तिघांपैकी दोघांनी सोडला तर ते विलीनीकरण! घटनेच्या दहाव्या अनुसूचीतील हे गणित पेडणेकरांना मार्च 2019 मध्ये उमगले. 2017 साली त्यांनी मगोच्या सिंहावर निवडून दिलेले बाबू आजगावकर सहकारी आमदारासह एका रात्रीत भाजपवासी झाले. पण ‘विलीन’ झालेला तो सिंह 2022 मध्ये त्याच तालुक्यातील मांद्र्यात जिंकला. प्रचारात भाजपला विरोध करून निकालानंतर त्यालाच पाठिंबा देता झाला! डिचोलीने भाजपला डावलून अपक्ष निवडला, तोही सत्तेच्याच पंगतीत बसला.

निषेधाचा अधिकार काँग्रेसला तरी उरला काय? 1980 साली अर्स काँग्रेसचे म्हणून निवडून आलेले इंदिरा काँग्रेसमध्ये गेले, तेव्हा तिला हर्षच झाला होता. जानेवारी 2022 मध्ये तिच्या उमेदवारांनी देऊळ, क्रूस आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी निष्ठेच्या शपथा वाहिल्या. सप्टेंबरात अकरांपैकी आठ भाजपमध्ये गेले.

वाचकहो, पक्षांतर पाप की पुण्य, हे आमच्याकडे माणूस येतो की जातो यावर ठरते. आमदारांना दोन-तृतीयांशाची पळवाट आहे. मतदाराला मात्र दिलेल्या मताचा एक-तृतीयांशही परत मागता येत नाही.