आकाशातली वार्ता होडीपर्यंत पोहोचवा!

श्रीहरिकोट्याहून अग्निबाण उडाला, की आपल्या देशात दोन प्रकारची माणसे तत्काळ बोलू लागतात. एक म्हणतो, भारत महासत्ता झाला! दुसरा म्हणतो, पोटाला भाकरी नाही आणि चंद्रावर कशाला जाता? पहिल्याला उत्तर देण्याचे कारण नाही, कारण तो काही विचारीतच नाही. दुसऱ्याचा प्रश्न मात्र मानाने ऐकून घेतला पाहिजे. ज्या देशात भूक आहे, त्या देशात तो प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येकास आहे.

तेव्हा आधी हिशेब पाहू. २०२५-२६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात एकूण खर्च सुमारे ५० लाख ६५ हजार कोटी रुपयांचा धरलेला होता. त्यात अंतराळ विभागाचा वाटा होता सुमारे १३,४०० कोटी. म्हणजे शंभर रुपयांमागे चार आण्यांहून किंचित अधिक! या चार आण्यांमुळे देश उपाशी राहिला असे ज्यास वाटते, त्याने उरलेल्या नव्व्याण्णव रुपये बारा आण्यांचा जाब आधी मागावा. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलेल्या चांद्रयान-३ ला सुमारे ६१५ कोटी रुपये लागले. माणशी साडेचार रुपयेही नाहीत. मुंबईत तेवढ्यात कटिंग चहा मिळत नाही.

पण एवढ्याने वाद मिटला, असे समजणे ही आत्मवंचना होय. खर्च थोडा आहे म्हणून तो योग्य ठरत नाही. त्या चार आण्यांचे जमिनीवर काय झाले, हा खरा सवाल आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी ओडिशाच्या किनाऱ्याइतकी बोलकी जागा दुसरी नाही. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी तेथे महाचक्रीवादळ धडकले आणि सुमारे १० हजार माणसे मेली. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी ‘फायलिन’ हे तसेच भयंकर वादळ त्याच किनाऱ्यावर आले, तेव्हा मृतांचा आकडा पन्नासच्या आसपास राहिला. हा उपग्रहांचा विजय, असे आपण अभिमानाने सांगतो. परंतु वाचकहो, १९९९ सालीही आकाशात आपले उपग्रह होते! ते वादळ येताना दिसले होते. इशारेही गेले होते. नव्हते ते इशारा ऐकून पळून जाण्याचे ठिकाण. मधल्या चौदा वर्षांत उपग्रहांची दृष्टी सुधारली हे खरेच. पण त्याहून अधिक म्हणजे गावोगावी पक्के निवारे उभे राहिले आणि वादळापूर्वी सुमारे दहा लाख माणसे सुरक्षित जागी हलविण्याची व्यवस्था तयार झाली. आकाशातला डोळा आणि जमिनीवरचा हात यांची गाठ पडली, तेव्हा माणसे वाचली.

ही गाठ जेथे पडत नाही, तेथे काय होते? २०१७ च्या नोव्हेंबरअखेर ‘ओखी’ वादळ उठले, त्या वेळी केरळ व तामिळनाडूच्या असंख्य होड्या खोल समुद्रात होत्या. किनाऱ्यापासून थोडे दूर गेले की मोबाइल मुका होतो. त्या होड्यांना वेळेवर काही कळलेच नाही, आणि शेकडो मच्छीमार घरी परतले नाहीत. मुंबईकरांना एवढ्या लांब जाण्याचेही कारण नाही. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ वादळात मुंबईच्या समुद्रात ‘पी-३०५’ ही बार्ज बुडाली आणि सत्तरांहून अधिक कामगार प्राणांस मुकले. हवामान खात्याचा इशारा कित्येक दिवस आधी होता. बार्ज मात्र तेलक्षेत्रातच राहिली. येथे उपग्रह कमी पडला, असे कोण म्हणेल?

ओखीनंतर दुरुस्तीस आरंभ झाला, हे आम्ही आनंदाने नमूद करतो. ३० ऑगस्ट २०२४ रोजी आपल्याच पालघरात पंतप्रधानांच्या हस्ते एका योजनेचा प्रारंभ झाला: उपग्रहामार्फत दोन्ही बाजूंनी निरोप पोहोचविणारी यंत्रे एक लाख मासेमारी नौकांवर बसविण्याची. खर्च ३६४ कोटी. किनाऱ्यावरचा इशारा तांडेलास मिळावा आणि तांडेलाची हाक किनाऱ्यास ऐकू यावी, याहून अंतराळ विज्ञानाचे अधिक सार्थक कोणते?

याचा अर्थ, ताबडतोब उपयोग असेल तेवढेच आकाश पाहावे, असे आमचे म्हणणे नाही. २००८ साली गेलेल्या पहिल्या चांद्रयानावरील उपकरणांनी चंद्रावरील पाण्याच्या खुणा जगापुढे ठेवल्या. त्या ज्ञानाने कोणाच्या विहिरीस पाणी आले नाही. तरीही ते मिळविण्याजोगेच होते. शिवाय कुतूहल आणि उपयोग ही दोन वेगळी घराणी नव्हेत. महाराष्ट्राचे वसंत गोवारीकर यांनी अग्निबाणांच्या घन इंधनावर हयातीची उमेदीची वर्षे खर्च केली आणि पुढे मान्सूनच्या अंदाजाचे सोळा घटकांचे प्रारूप देशास दिले. ते प्रारूप २००२ च्या दुष्काळात चुकले, हेही खरे; पण अग्निबाण ज्याने हाताळला त्याला पावसाची चिंता होती, ही गोष्ट आम्हांस लाखमोलाची वाटते.

चांद्रयानांस म्हणूनच आमचा निःशंक पाठिंबा आहे. गगनयानास आहे, परंतु तो सशर्त आहे. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळाने मानवी उड्डाणाच्या कार्यक्रमाची रक्कम वाढवून २०,१९३ कोटींवर नेली. चांद्रयान-३ सारख्या तीसहून अधिक मोहिमा एवढ्या पैशात होतील! विक्रम साराभाई यांनी प्रारंभीच बजावले होते, की चंद्रावर वा मानवी उड्डाणात श्रीमंत राष्ट्रांशी शर्यत लावण्याचे स्वप्न आपण पाहत नाही. आज देशाची ऐपत वाढली आहे. तेव्हाचा शब्द आज जसाच्या तसा धरून बसावे, असे आम्ही म्हणणार नाही. पण अंतराळवीराच्या मिरवणुकीची तारीख निवडणुकीच्या पंचांगावरून ठरू नये. तसेच अपयश आले, तर त्याचा अहवाल लोकांपुढे यावा. २०२५ साली जानेवारीत एनव्हीएस-०२ हा दिशादर्शक उपग्रह नियोजित कक्षेत पोहोचला नाही, आणि मे महिन्यात पीएसएलव्ही-सी ६१ तिसऱ्या टप्प्यात फसले. अपयश येणारच, त्याबद्दल शास्त्रज्ञांना दोष देणारे आम्ही नव्हेत. मात्र चार आणे देणाऱ्यास कारण समजण्याचा हक्क आहे.

आणि एक मागणी अगदी जवळची. मानवी उड्डाणाच्या रकमेचा पंचावन्नावा हिस्सासुद्धा ज्या नौकायंत्रांस लागत नाही, त्यांचे काय झाले ते सरकारने बंदरनिहाय सांगावे. सातपाटीत किती होड्यांवर यंत्र बसले, वर्सोव्यात किती, हर्णैत किती? किती यंत्रे चालू आहेत, आणि बंद पडलेले यंत्र दुरुस्त करण्यास माणूस कोठे मिळतो? नारळी पौर्णिमेला होड्या पुन्हा दर्यात लोटल्या जातात. त्यापूर्वी मत्स्यव्यवसाय खात्याने हे आकडे प्रत्येक बंदरातील फलकावर खडूने लिहून ठेवावेत.