वॉरंटला एक्सपायरी डेट नसते

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा. गाव सोडून शहरात बिऱ्हाड केलेल्या प्रत्येकाने तर नक्कीच.

कोर्टाची केस जुनी झाली की आपोआप थंड पडते, असं आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं. "चार वर्षं कोणी विचारायला आलं नाही, म्हणजे मिटलं असेल." नाही मिटत. कोर्टाने काढलेलं अटक वॉरंट एक तर ते कोर्ट स्वतः रद्द करतं, नाहीतर पोलिस त्यावर अटक करतात. तोपर्यंत ते जिवंत असतं. सीआरपीसीत हे कलम ७० होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते ७२ झालं. कलमाचा आकडा बदलला, नियम तोच.

आता हे वॉरंट निघतं कुणावर? समजा, बीडकडचा एक पोरगा. गावातल्या पतसंस्थेतून कर्ज घेतलं, तारण म्हणून सही केलेले कोरे चेक दिले. पुढे पिंपरीत कंपनीत लागला, हप्ते थकले. संस्थेने चेक भरला, तो बाउन्स झाला, कलम १३८ ची केस पडली. समन्स गेलं गावच्या पत्त्यावर. घराला कुलूप. शेरा पडला: "पत्त्यावर राहत नाही." मग जामीनपात्र वॉरंट, मग अजामीनपात्र. म्हणजे लोक ज्याला पकड वॉरंट म्हणतात ते. पोराला यातलं काहीच माहीत नाही. त्याला कळतं ते थेट पोलिस दारात आल्यावर, तेही शेजाऱ्यांसमोर.

दुसरा प्रकार त्याहून नेहमीचा. वकील म्हणतात, "या तारखेला येऊ नका, मी बघतो." हजेरी माफीचा अर्ज द्यायचा राहून जातो आणि वॉरंट निघतं.

सुप्रीम कोर्टाने २००७ सालीच सांगून ठेवलंय की खासगी तक्रारीच्या केसमध्ये आधी समन्स, तो टाळतोय असं दिसलं तर जामीनपात्र वॉरंट आणि त्यानंतरच अजामीनपात्र. कारण इथे प्रश्न माणसाच्या स्वातंत्र्याचा आहे. पण ही पायरी कागदावर पूर्ण होते आणि माणसापर्यंत एकदाही निरोप पोचत नाही, त्याचं काय? समन्स टाळणं वेगळं आणि समन्स न मिळणं वेगळं. आपली यंत्रणा दोघांना एकाच मापाने मोजते.

मग स्वतः शोधता येतं का? बऱ्यापैकी येतं, तेही फुकट. 'ई-कोर्ट्स सर्व्हिसेस' हे सरकारी ॲप आणि वेबसाइट आहे. राज्य, जिल्हा, कोर्ट संकुल निवडायचं, पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकायचं. केस सापडली की पुढची तारीख आणि केसचा टप्पा दिसतो. टप्प्याच्या रकान्यात 'बीडब्ल्यू' किंवा 'एनबीडब्ल्यू' असं काही दिसलं तर समजून जा. सोळा अक्षरी सीएनआर नंबर लिहून ठेवा, पुढे त्याच नंबरवर सगळं बघता येतं. गावचा जिल्हा, आधी राहिलात तो जिल्हा, आत्ताचा जिल्हा, सगळीकडे बघा. अडचण एकच. 'ज्ञानेश्वर'चं इंग्रजी स्पेलिंग तलाठ्याने एक, बँकेने दुसरं आणि कोर्टातल्या क्लार्कने तिसरं केलेलं असतं. म्हणून आडनावाची पहिली तीन-चार अक्षरं टाकून यादी चाळा. ऑनलाइन दिसलं नाही म्हणून निर्धास्तही होऊ नका. शंका असेल तर त्या कोर्टात वकिलामार्फत चौकशी करा.

वॉरंट सापडलं तर पळू नका. 'अजामीनपात्र' ऐकूनच लोकांचे हातपाय गार पडतात. त्याचा अर्थ जामीन कधीच नाही असा नसतो. पोलिस आपल्या अधिकारात सोडू शकत नाहीत, कोर्ट सोडू शकतं. ज्या कोर्टाने वॉरंट काढलं तिथेच वकिलासोबत स्वतः हजर व्हा आणि रद्द करण्याचा अर्ज द्या. का येता आलं नाही त्याचे कागद जोडा: दवाखान्याची फाइल, भाडेकरार, बदलीचं पत्र. कोर्ट बहुतेक वेळा थोडा खर्च बसवतं, नवा जातमुचलका घेतं आणि वॉरंट रद्द करतं. हमी कोणीच देऊ शकत नाही, पण स्वतःहून आलेला आणि पकडून आणलेला, यात कोर्ट फरक करतंच. वकिलाचे पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समिती आहे, हेल्पलाइन १५१००.

आणि रद्द झालं म्हणून तसेच घरी येऊ नका. आदेशाची प्रमाणित प्रत घ्या, पोलिस ठाण्यात पोच घेऊन द्या. मुंबईत २००२ साली एका वकिलाला स्वातंत्र्यदिनी अटक झाली, तीही आधीच रद्द झालेल्या वॉरंटवर! ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. २०११ च्या निकालात कोर्टाने सांगितलं की प्रत्येक कोर्टात वॉरंटचं रजिस्टर हवं, पोलिस ठाण्यातही हवं आणि वॉरंट रद्द झालं की तशी नोंद व्हायलाच हवी. वकिलावर ही पाळी येते, तर हमालाचं काय?

माझं म्हणणं एवढंच. गाडीचं चलान फाटलं की मोबाइलवर मेसेज येतो. मग माणसाला अटक करण्याचा हुकूम निघाल्यावर का येऊ नये? नव्या संहितेत इलेक्ट्रॉनिक समन्सची सोय आहे. ओटीपी टाकून फक्त स्वतःच्या नावावरची वॉरंट बघता यावीत, नाव मराठीत शोधता यावं, आणि रद्द झाल्याची नोंद त्याच दिवशी पोलिसांच्या संगणकावर दिसावी. काही जण म्हणतील, आधी कळलं तर आरोपी पळतील. अहो, ज्याला पळायचंय त्याला आधीच खबर असते. खबर नसते ती कामावर गेलेल्या साध्या माणसाला. आणि यादी चव्हाट्यावर टांगा असंही मी म्हणत नाही. ज्याचं वॉरंट त्याला तरी कळू द्या.

यात आणखी एक धोका आहे. लोकांना खरं वॉरंट तपासता येत नाही, म्हणूनच खोट्याची भीती दाखवता येते. व्हिडिओ कॉलवर खाकी घालून "तुमच्या नावाने वॉरंट आहे, पैसे भरा" म्हणणारा भामटाच असतो. 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्ट कायद्यात नाही आणि वॉरंट फोनवर पैसे भरून रद्द होत नाही. असा फोन आला तर ठेवून द्या आणि १९३० ला कळवा.

आज संध्याकाळी दहा मिनिटं काढा. स्वतःचं नाव शोधा, घरातल्या मोठ्यांचंही शोधून द्या. आणि आपले आमदार, खासदार मतं मागायला येतील तेव्हा रस्ता-गटारासोबत हेही विचारा: माझ्या अटकेचा हुकूम निघाला तर मला कळवणार कोण?