माया सोडा

भाताची सोंगणी सुरू झाली की भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला, रतनवाडी-घाटघरकडे, खाचरात वाकलेल्या बायांच्या अंगावर साडीवरून चढवलेला पुरुषी फुलशर्ट दिसतो. पात्याने हात चिरू नयेत, ऊन लागू नये म्हणून. असा शर्ट नवा कोणी घेत नाही. तो घरातल्या माणसाचा जुना असतो, नाहीतर आठवडे बाजारातल्या ढिगातून निवडलेला.

गेल्या वर्षी राजूरच्या बाजारात अशाच एका ढिगाशेजारी मी तासभर उभा होतो. बोहारणीने भांड्यांवर घेतलेले कपडे कुठकुठून फिरत इथवर येतात. एका बाईने दोन शर्ट उचलले. दोन्ही चढवून पाहिले, पण नुसते उभे राहून नाही. हात पुढे करून, कमरेत वाकून. दोन्ही पाठीत ताणत होते. शेजारीच मशीन मांडून बसलेल्या कारागिराने पहिला उलटा केला आणि परत दिला. रेडिमेड होता. ओव्हरलॉकच्या पात्याने कापड शिवणीलगत छाटलेले, सोडवायला आत काही उरलेच नव्हते. दुसरा कुणा शिंप्याने शिवलेला. बाजूच्या शिवणीत चांगली इंचभर माया, म्हणजे आत राखलेले जादा कापड. टीप उसवली तेव्हा आतल्या पट्टीत मूळचा गडद निळा रंग जसाच्या तसा होता. पाच-दहा मिनिटांत शर्ट तिच्या मापाचा झाला.

जुने कपडे घ्या, असे आता शहरांतही सांगितले जाते, आणि ते रास्तच आहे. कापूस पिकवण्यापासून धरले तर एका सुती टी-शर्टमागे सुमारे २,७०० लिटर पाणी जाते, असा जागतिक वन्यजीव निधीचा अंदाज आहे. १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदऱ्याच्या विल्सन धरणाच्या उशाला राहून उन्हाळ्यात हंडे वाहणाऱ्या बाईला हा आकडा फोडून सांगावा लागणार नाही. पण जुना कपडा दुसऱ्याच्या अंगाला बसणार की नाही, हे गिऱ्हाईक ठरवत नाही. ते आपल्या शिंप्यांच्या कटिंग टेबलावर, कैची लावण्याआधी ठरते.

म्हणून बोच आहे ती आपल्याच धंद्याविषयी. कापड वाचवण्यासाठी आणि शिवण आतून सुबक दिसावी म्हणून आपल्यातले कित्येक जण आता रेडिमेडसारखीच छाटतात. आल्टरचे काम आले की ‘वेळ नाही’ म्हणून परत पाठवतात. कपडा उसवून पुन्हा बेतणे हे नव्या शिलाईपेक्षा अवघड काम आहे. त्याचे दर तसे लावा, दुकानात लिहून टांगा, पण ते काम नाकारू नका. बाजूच्या शिवणीत इंचभर, पॅन्टच्या सीटला दीड इंच, खाली दुमडीत दोन इंच कापड राहू द्या. गिऱ्हाइकाने कापड कमी आणले असेल तर कापण्याआधीच तसे सांगा.

या अंकापासून आपल्या प्रत्येक ड्राफ्टिंगमध्ये माया तुटक रेषेने वेगळी दाखवली आहे.